खालचा सिलिंडर

रघूमामा गेल्याचं मला घरच्या ग्रुपवरून कळलं. परळच्या एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते. फोन थरथरला, आणि आईच्या मावसभावाचा निरोप दिसला : 'आपला रघू सकाळी गाळ्यात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेला.' त्याखाली हात जोडल्याची चित्रं एकामागून एक येत राहिली. त्यातले निम्मे हात तीन वर्षांत त्याच्या गाळ्याकडे फिरकले नव्हते. सुरुवातीच्या तीन-चार खेपा सोडल्या तर मीही नव्हते. दुपारी ठाकूरद्वारच्या वाडीत पोचले तेव्हा जिन्यावर नातेवाईक उभे होते आणि हलक्या आवाजात बोलत होते, 'हात सोन्याचा होता हो, पण त्या कोळ्याच्या पायाचं झालं ना… तेव्हापासून बसलाच.' मी तीन पायऱ्या खाली उभी होते. त्या कोळ्याच्या पायाचं नेमकं काय झालं, ते मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. त्या बाबतीत गप्प राहण्याची माझी ती तिसरी वेळ होती. पहिल्या दोन वेळांबद्दल हा लेख आहे.

आईचं माहेर तीन पिढ्यांच्या कारकुनांचं. पांढरा सदरा, खिशाला पेन, संध्याकाळी साडेसहाला घर. मामाही बंदराजवळच्या एका कचेरीत चिकटला होता. नोकरीच्या सहाव्या वर्षी साहेबाच्या सहलीच्या होडीचं इंजिन भर पाण्यात बंद पडलं. मामाने बाह्या सरसावून ते चालू केलं, आणि त्यानंतर तो टेबलाशी परत बसलाच नाही. वाडीत तळमजल्यावर जिन्याखालची खोली होती, तिचा त्याने गाळा केला. तिथे तो आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करायचा. आउटबोर्ड म्हणजे लहान होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं, दोरी ओढून चालू करायचं, खाली पंखा असलेलं इंजिन. कोळी त्याला नुसतं मशीन म्हणतात. नवी मशीनं मामा घ्यायचा नाही. वीस-पंचवीस वर्षांची, मिठाने खाल्लेली, ज्यांचे सुटे भाग मिळायचे बंद झालेत अशीच त्याच्याकडे यायची. मिठाई वाटत असल्यासारखे हसतमुख मेकॅनिक मी पुष्कळ पाहिलेत. मामा त्यातला नव्हता. त्याच्याकडे येणारा माणूस मशीन खाली ठेवण्याआधीच घाबरलेला असायचा.

कारण तो आधी मशीन उघडायचा नाही, माणूस उघडायचा. 'काय केलंस?' हा पहिला प्रश्न.

'काय नाय रघूशेट, आपोआप बंद पडला.'

'आपोआप केस पिकतात. बाकी सगळं कोणीतरी केलेलं असतं. काय केलंस?'

मग तो थांबायचा. पान्याला हात लावायचा नाही. समोरचा सांगायचा की तेल जरा कमी पडलं होतं, किंवा मशीन थंड ठेवणारं पाणी बाहेर फेकायचं बंद झालं होतं तरी किनारा जवळ होता म्हणून तसंच रेटलं. ते त्याच्या तोंडून आल्यावरच मामा प्लग काढायचा. प्लगच्या टोकावर बारीक चंदेरी ठिपके दिसले, की तो मान हलवायचा. ते ठिपके म्हणजे आतल्या पिस्टनचं वितळून उडालेलं ॲल्युमिनियम. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढायची, आणि आतला दाब अंगठा कसा उडवतो ते बघायचं. घड्याळासारखं दाब मोजायचं यंत्र होतं त्याच्याकडे, पण ते तो नंतर लावायचा, गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतं. वरच्या आणि खालच्या सिलिंडरच्या दाबात मोठा फरक पडला, की बाजूची धुराची झाकणपट्टी काढायची. तिच्यामागच्या खिडकीतून टॉर्च मारला की पिस्टनची बाजू दिसते. चांगला पिस्टन आरशासारखा असतो. बिघडलेल्यावर उभे ओरखडे असतात, मांजराने नखं ओढल्यासारखे.

सगळं सुटं झालं की त्याची एक रीत होती, आणि ती क्रूर होती. खराब पिस्टन तो मालकाच्या हातात द्यायचा. मालकाचं बोट धरून त्या ओरखड्यांवरून फिरवायचा, खालून वर. 'लागतंय? हे तू केलंस.' आणि तो पिस्टन मालकाने घरी न्यायचा, डोळ्यांसमोर ठेवायचा. नाहीतर मामा नवा बसवायचा नाही. एकदा विशीतला एक जण आला होता. त्याचा बाप महिन्यापूर्वीच गेला होता, पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम कायम बापच करायचा, पोराच्या ते ध्यानातच आलं नाही. तो रडायला लागला. मी त्या वेळी कॉलेजात होते, तिथेच स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आता तरी मामा सोडेल. मामा म्हणाला, 'बाप गेला म्हणून मशीन तेल माफ करत नाही. बोट दे.' मी त्याच्याशी कडाक्याचं भांडले. हा माणुसकीचा प्रकार नाही म्हणाले. तो म्हणाला, 'माणुसकी तू कर. तुझ्याकडे पत्रकं आहेत. माझ्याकडे लोक समुद्रात जायला येतात.' त्या पोराने आजतागायत दुसरं मशीन जाळलेलं नाही, हेही इथे लिहायला हवं.

पत्रकांचं त्याने म्हटलं ते खरं होतं. मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढले, आणि आमच्या खोलीत खाटेखाली ट्रंकेऐवजी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा पत्रकं लिहायचे, मी शाईचे हात न पुसता शाळेत जायचे. आमची पत्रकं नेहमी एका बाजूनेच छापलेली. खर्च वाचतो हे कारण होतंच, पण बाबा म्हणायचे, एक बाजू आपली, दुसरी वाचणाऱ्याची. घरात त्या कोऱ्या बाजूवर सगळं चालायचं. वाणसामानाची यादी, माझी गणितं, आईचे निरोप. मामाकडे गेले की मीही एक गठ्ठा टाकून यायचे, आणि तो हात पुसायला उपयोग होतो म्हणून ठेवून घ्यायचा. 'काय कॉम्रेड, आज क्रांती किती वाजता?' असं विचारायचा. पण मी पाहिलं होतं, हात पुसण्याआधी तो वाचायचा.

तीन वर्षांपूर्वी वरळीच्या बाजूला समुद्रात दगडांचा भराव पडायला लागला. कोळ्यांची लहान मासेमारी ज्या उथळ पाण्यात चालते, तेच पाणी बुजवायला काढलं होतं. आम्ही होड्यांचा मोर्चा ठरवला. सगळ्यात पुढे जनूदादाची होडी, तिच्यावर मोठा फलक. जनूदादा पन्नाशीचा, शांत, साऱ्या कोळीवाड्याचा विश्वासाचा माणूस. तो पुढे असला की बाकीच्या होड्या निघणार होत्या, नाहीतर नाही. मोर्च्याच्या दोन दिवस आधी त्याचं मशीन दम टाकायला लागलं. आम्ही ते टॅक्सीच्या डिकीत घालून ठाकूरद्वारला आणलं. मामाने प्लग काढले. वरचा तपकिरी, चांगला. खालच्यावर चंदेरी ठिपके. अंगठा लावला, यंत्र लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'खालचा सिलिंडर गेलाय. उघडायचं, लेथवर आतून कोरून बोअर करायचा, या मापाचा पिस्टन शोधायचा. आठ दिवस.'

'परवा मोर्चा आहे, मामा.'

'मग परवा चालत जा.'

मी काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते इथे सगळं लिहायची माझी हिंमत नाही. एवढं लिहिते : मी म्हणाले, 'तुम्ही कारकुनांच्या घरातले. हात काळे केलेत तरी आतून कारकूनच राहिलात. आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं जोडलीत, स्वतः कधी लाटेत गेलात?' गाळ्यात दोन कार्यकर्ते उभे होते, त्यांच्यासमोर बोलले. मामीने वरच्या जिन्यावरून ऐकलं. मामा बराच वेळ चिंधीने एकच पाना पुसत राहिला… मग त्याने मशीन न उघडता जेवढं होतं तेवढं केलं. कार्बोरेटर साफ केला, पाणी खेचणारा रबरी पंखा बदलला, पेट्रोलमध्ये तेल वाढवलं. वाडीतल्या निळ्या पिंपात मशीन उभं करून चालवून बघितलं, वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी धुरासाठी नेहमीच्या शिव्या घातल्या. जनूदादाचा फोन लागत नव्हता. तेव्हा मामाने माझ्याच गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढलं, कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि माझ्या हातात दिलं : 'जनू, खालचा सिलिंडर गेलाय. अर्ध्याच्या वर रेस देऊ नकोस. भरावाच्या दगडांजवळ जाऊ नकोस. आलास की उघडू. रघू.' 'तोंडानेही सांग,' तो म्हणाला. मी हो म्हणाले.

टॅक्सीत मी ते दोनदा वाचलं. अर्ध्या रेसवर फलकाची होडी पुढे राहणार नव्हती. आणि हे वाचून जनूदादा, जसा तो होता तसा, म्हणाला असता की मग मी मागेच राहतो. मी ते पत्रक गठ्ठ्यात परत सरकवलं. तोंडानेही सांगितलं नाही. मनात मी स्वतःला एक वाक्य सांगितलं होतं, बाबांचंच : पत्रकात खोटं लिहायचं नाही, कमी लिहिलं तर चालतं. मी खोटं बोलले नव्हते. कमी बोलले होते.

मोर्च्याच्या दिवशी मी त्याच होडीत होते. फलक वाऱ्याने ताणला होता, मागे तीसेक होड्या होत्या, आणि चित्रीकरण करणाऱ्यांची होडी आमच्याहून पुढे गेली होती. मीच म्हणाले, 'जनूदादा, काढा पुढे.' त्याने काढली. भरावाच्या अलीकडे मशीनने एक बारीक, किंचाळल्यासारखा आवाज केला आणि जागच्या जागी थांबलं. जनूदादाने दोरी ओढली. ती हललीच नाही, आतला पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. लाटेने होडी आडवी केली आणि दगडांकडे नेली. दगड जवळ आल्यावर प्रत्येक होडीवाला जे करतो तेच त्याने केलं, होडी आपटू नये म्हणून पाय बाहेर काढून दगडाला टेकवला. दुसरी लाट आली. होडी आणि दगड यांच्यामध्ये त्याचा पाय होता. मला कोपराला खरचटलं होतं. परळच्या इस्पितळात त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

नवव्या दिवशी कोळीवाड्यातली पाच-सहा मोठी माणसं मशीन टेम्पोत घालून वाडीत आली. मीही होते, मला त्यांनीच बोलावलं होतं, त्यांच्या बाजूची म्हणून. मामाने सगळ्यांसमोर मशीन उघडलं. खालचा पिस्टन ठोकून काढावा लागला. रिंगचे तुकडे झाले होते, ओरखडे इतके खोल की नख अडकत होतं. वाडीतले लोक गॅलरीत उभे होते. जनूदादाचा थोरला भाऊ म्हणाला, 'रघूशेट, हे तुला दिसला नाय? का दिसून बोलला नाय?'

'दिसलं होतं.'

'मग सांगितलास कोणाला?'

मामाने माझ्याकडे पाहिलं. मशीन आणणाऱ्या माणसाकडे तो जसा बघायचा, तसंच. हात मांडीवर, पान्याला न लावता. तो थांबला. मी किती तरी वेळा त्याला असं थांबलेलं पाहिलं होतं, आणि समोरचा बोलतोच हे मला माहीत होतं. मी नाही बोलले. आंदोलन मोडेल, कोळीवाड्याचा आमच्यावरचा विश्वास जाईल, ही कारणं त्या वेळी डोक्यात होती. ती खरीही होती. पण त्यांच्याखाली एकच गोष्ट होती, मी घाबरले होते.

'सांगायचं राहिलं,' मामा म्हणाला. 'चूक माझी.'

तो भाऊ थुंकला, मामाच्या उंबऱ्यावर. 'एवढी वर्षं आमच्या पोरांची बोटं धरून शिकवत होतास ना रे,' असं म्हणाला आणि टेम्पोत जाऊन बसला. त्यानंतर वरळीचं एकही मशीन ठाकूरद्वारला आलं नाही. मग कुलाब्याची थांबली, मग माहीमची. कोळीवाड्यांत बातमी भरतीपेक्षा लवकर पोचते. निळ्या पिंपात वाडीवाले नळाचं पाणी साठवायला लागले. मामा रोज सकाळी नऊला गाळा उघडायचा, स्वच्छ हत्यारं पुन्हा पुसायचा, एक वाजता बंद करायचा. आंदोलन मात्र मोडलं नाही. मी त्यावर लेख लिहिले, सभांत बोलले, टाळ्या घेतल्या. भराव पडायचा तो पडलाच.

पंधरा दिवसांनी मी मामाकडे गेले तेव्हा त्याने चहा मागवला, आणि चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं. तो खालचा पिस्टन होता. मी म्हणाले, हा जनूदादाचा. 'त्याला द्यायचा नसतो,' मामा म्हणाला. 'बोट दे.' मी बोट दिलं. त्याने ते खालून वर फिरवलं. बाकीच्यांना तो जे वाक्य म्हणायचा, ते मला म्हणाला नाही. 'टेबलावर ठेव,' एवढंच. नंतर मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा तब्येतीची चौकशी करावी तसं विचारायचा, 'आहे ना टेबलावर?' तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर मी जाणं बंद केलं. मामा वारण्याच्या चार महिने आधी ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर तो मला समोरून येताना दिसला, हातात मासळीची पिशवी, सदरा पांढरा, नखंही पांढरी. त्याची नखं मी आयुष्यात प्रथमच पांढरी पाहत होते. मी बाजूच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरले आणि उगाच फुटपट्ट्या बघत राहिले. त्याने पाहिलं होतं. दुकानाच्या काचेसमोरून जाताना त्याने चाल जरा हळू केली, आणि मग पुढे गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर पंधरवड्याने मामीने बोलावलं. वाटलं, गाळा आवरायला मदत हवी असेल. मामी पाटावर बसली होती. तिने देव्हाऱ्याखालच्या खणातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. आमचं पत्रक. कागद तेलकट, पिवळा, आणि त्याला अजून सुक्या जवळ्याचा वास होता. उलटा केला. मामाचं अक्षर.

'तुमच्या मोर्च्याचे उरलेले कागद कोळणींनी पुड्या बांधायला नेले,' मामी म्हणाली. 'पाचव्या दिवशी आपल्या नेहमीच्या काशीने जवळा दिला, तो ह्यात. तिला वाचता येत नाही. मला येतं.'

'मामाला दाखवलंत?'

'त्याच संध्याकाळी. ते लोक मशीन घेऊन आले ना, तेव्हा हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता.' तिने खण लावून टाकला. 'मी वरून बघत होते, निशा. म्हटलं, आता काढेल, मग काढेल. तो तुझ्याकडे बघत बसला.'

'मग काढला का नाही…'

'मी पण तेच विचारलं. म्हणाला, मालक बोलल्याशिवाय मी कधी मशीन उघडलंय का?' मामीचा आवाज अजिबात चढला नाही. 'तीन वर्षं वाट बघितली त्याने. दर वेळी तू जिना उतरलीस की विचारायचा, काही बोलली का वर? मी म्हणायचे, नाही रे. आता ने हा कागद. माझ्या घरात नको.' चहा विचारला नाही. मी जिना उतरताना तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मागच्या रविवारी मी वरळीला गेले. जनूदादा दारात जाळं विणत बसला होता, नकली पाय काढून बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याची बायको आत भाकऱ्या थापत होती. मी कागद त्याच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टॅक्सीपासून. पिस्टनही नेला होता, तो त्याच्यापुढे ठेवला. त्याने कागद वाचला. मग पुन्हा वाचला, ओठ हलवत. भाकरीचा आवाज थांबला होता.

'रघूला मी मयतीला पण गेलो नाय,' तो म्हणाला. 'वाडीतून निरोप आलेला. बायको बोलली जा. मी बोललो, माझा पाय खाणाऱ्याला खांदा द्यायला कशाला जाऊ.'

त्याने जाळं बाजूला सारलं.

'तू आता आलीस. तो मेल्यावर.'

'हो.'

'तो जिवंत असता तर आली असतीस?'

मला उत्तर द्यायचं होतं. त्याने वाट पाहिली, आणि ते थांबणं मला ओळखीचं होतं. 'नाही,' मी म्हणाले. त्याने मान हलवली, प्लगवरचे ठिपके दिसल्यावर मामा हलवायचा तशी. पिस्टन बाजूच्या काठीने माझ्याकडे ढकलला. 'हा तुझ्याकडेच ऱ्हाऊ दे. रघूची रीत होती.' कागद मात्र त्याने परत दिला नाही, सदऱ्याच्या आत ठेवला. मी वळले तेव्हा म्हणाला, 'तू छापतेस ना? मग हे छाप. या वेळी दोन्ही बाजूंनी.'

म्हणून हे लिहिलं. रघुनाथमामाला खालचा सिलिंडर दिसला होता. त्याने तो सांगितलाही होता, लिहून, सही करून. तो निरोप मी दाबला, आणि पुढे पाच-सहा जणांसमोर त्याला खोटं बोलू दिलं. वरळी, कुलाबा, माहीम इथल्या ज्यांनी त्याच्याकडे मशीन न्यायचं थांबवलं, त्यांनी हे वाचावं, किंवा कोणाकडून वाचून घ्यावं. गाळ्यात त्याची हत्यारं अजून लावलेली आहेत, मामी ती विकत नाही.

पिस्टन माझ्या टेबलावर आहे, डाव्या हाताला. पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून. हल्ली लिहायला बसण्याआधी मी त्याच्यावरून बोट फिरवते, खालून वर. तिसऱ्या ओरखड्यापाशी नख अडकतं.